उंबरखिंडीची समरभूमि आणि शिवभारताची साक्ष

खालापूर तालुक्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, सह्याद्रीच्या कड्याच्या ऐन पायथ्याशीं, चावणी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. त्याच्या शेजारून अंबा नदीचा प्रवाह खडकांतून वाट काढीत जातो, व त्याच पात्रांत उंबरखिंडीच्या विजयाचें स्मारक उभें केलेलें आहे. माघ शुद्ध १४ शके १५८२, शार्वरी संवत्सर, म्हणजे इसवी सन १६६१ च्या फेब्रुवारीची २ तारीख, या दिवशीं शिवाजीमहाराजांनीं मोगल सरदार कारतलबखान यास त्याच्या सर्व फौजेसह या खिंडींत कोंडून शरण आणिलें. दरवर्षीं २ फेब्रुवारीस तेथें विजयदिन साजरा होतो. इतिहासाची आवड असलेली मंडळी मोटारी घेऊन खोपोलीवरून येतात, दगडापाशीं उभी राहतात, जयघोष करतात व परत जातात. राष्ट्राच्या इतिहासाचीं स्मारकें पाहावयास लोकांनीं जावें यापरतें इष्ट काय? परंतु या विशिष्ट स्थळीं नेमकें काय पाहावयाचें, हा प्रश्न आमच्या मतें अद्याप नीट मांडला गेलेला नाहीं. दगड तेथें नवा आहे. खिंड जुनी आहे. आणि या दोहोंची गांठ घालणारी वस्तु खालापुरांत नसून एका संस्कृत पोथींत आहे. प्रस्तुत लेखांत ती पोथी हातीं धरून ती भूमि पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, या लढाईची स्मृति अखंड चालत आलेली नव्हे. सभासदानें आपल्या बखरींत या प्रसंगास स्थान दिलें नाहीं. ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथांत तो सांपडत नाहीं. प्रतापगडचा वध, पन्हाळ्याचा वेढा, लाल महालावरील छापा हे प्रसंग बखरकारांनीं व शाहिरांनीं घरोघर पोंचविले. उंबरखिंडीचें भाग्य तसें नव्हतें. हा प्रसंग सविस्तर आमच्या हातीं आला तो कै. सदाशिव महादेव दिवेकर यांच्या शोधामुळें. तंजावरच्या सरस्वती महालांत कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची प्रत त्यांस मिळाली, व शके १८४९ (इ. स. १९२७) मध्यें तो ग्रंथ मराठी भाषांतरासह प्रसिद्ध झाला. म्हणजे घटना घडल्यापासून अडीच शतकांहून अधिक काळ खालापूरच्या या खिंडीची साक्ष तमिळ देशांतील भोसल्यांच्या ग्रंथसंग्रहांत पडून होती. ज्या दगडापुढें आज नारळ फुटतात तो दगड, खरें पाहतां, त्या पोथीचा पुत्र आहे. हस्तलिखितें जमविणारांस लोक कागदकिडे म्हणून हिणवितात. त्यांनीं हें उदाहरण जवळ बाळगावें.

आतां ही साक्ष कितपत विश्वासार्ह आहे तें पाहूं. परमानंद हा महाराजांचा आश्रित व समकालीन. त्यानें काव्य रचिलें तें काशीच्या पंडितांस चरित्र कथन करीत असल्याच्या थाटांत, पुराणाच्या घाटणीनें. ग्रंथास अनुपुराण अशी संज्ञाहि दिली. उपलब्ध ग्रंथ एकतीस अध्यायांपर्यंत पूर्ण असून बत्तिसाव्याच्या आरंभींच तुटतो. अशा ग्रंथांत उपमा असणारच, वीरांचीं भाषणें असणारच, रणांगणावर रक्ताच्या नद्या वाहणारच. हा सर्व भाग काव्यधर्म म्हणून बाजूस ठेवावा लागतो. पण तो बाजूस ठेविल्यावर जें उरतें तें थोडें नाहीं. महाराजांच्या जन्मतिथीच्या वादांत जेधे शकावलीनें दिलेल्या फाल्गुन वद्य ३ शके १५५१ या मितीस याच ग्रंथानें पाठबळ दिलें, हें सर्वश्रुत आहे. उंबरखिंडीच्या प्रकरणांत कवि खानाच्या वाटेवरील मुक्कामांचीं नांवें देतो, बरोबरच्या सरदारांचीं नांवें देतो आणि लढाईचा शेवट कसा झाला तें सांगतो. या तिन्ही गोष्टी काव्यशोभेसाठीं लागत नाहींत. तशा त्या कोणी रचीतहि नाहीं.

विशेषतः शेवट पाहावा. स्तुतिपर काव्य लिहिणाऱ्या कवीस शत्रूचा समूळ संहार वर्णन करणें सर्वांत सोपें व सर्वांत फलदायी. परमानंद तसें करीत नाहीं. खानानें वकील पाठविला, अभय मागितलें, जवळचें सर्वस्व देऊं केलें, व महाराजांनीं तें मान्य करून त्यास जाऊं दिलें, असें तो लिहितो. काव्याच्या दृष्टीनें हा शेवट फिका आहे. तो फिका असूनहि कवीनें ठेविला, त्या अर्थीं तो खरा आहे असें मानण्यास आम्हांस बिलकुल हरकत वाटत नाहीं.

प्रसंगाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगूं, कारण ती वाचकांस परिचित आहे. शाएस्तेखान १६६० च्या मे महिन्यांत पुण्यास येऊन बसला. ऑगस्टांत चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यानें छपन्न दिवस झुंजवून अखेर त्याच्या हवालीं केला. एवढ्याशा किल्ल्यासाठीं इतके दिवस व इतकीं माणसें गेल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या नादीं लागण्याची खानाची हौस ओसरली, आणि कोंकणपट्टी हिसकावून घ्यावी हा बेत पुढें आला. ती कामगिरी कारतलबखान उजबेकाकडे आली. कारतलब म्हणजे कामाची हांव धरणारा, उत्साही. हा किताब त्या वेळीं त्यास शोभणारा होता. बरोबर दिलेल्या सरदारांत कच्छप, चव्हाण, अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधव व माहूरची रायबागीण यांचीं नांवें परमानंद देतो. या यादींतील मराठी नांवें वाचतांना मन विषण्ण होतें. परंतु त्या काळच्या वतनदारांची निष्ठा वतनाशीं होती, ही गोष्ट जुन्या कागदांशीं परिचय असणारास नव्यानें सांगावयास नको.

पुण्याहून निघालेली ही फौज चिंचवड, तळेगांव, वडगांव, मळवली या मार्गानें घाटमाथ्यास आली. लोहगड-विसापुरांच्या पायथ्यापासून कोंकणांत उतरावयाचें तर दोन वाटा समोर येतात. एक बोरघाटाची, ती खोपोलीस उतरते, व तिच्यावर राजमाचीची, म्हणजे श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांची, नजर असते. दुसरी कुरवंड्याची; ती आजच्या लोणावळ्याच्या दक्षिणेस कुरवंडे गांवावरून, नागफणीच्या सुळक्याच्या कुशींतून उतरते व थेट अंबा नदीच्या खोऱ्यांत पोंचते. तेथून जांभूळपाडा, पाली, नागोठणें हा मार्ग सरळ आहे. नकाशावर बोट फिरविणारास दुसरी वाट जवळची वाटते, राजमाचीहि टळते. खानानें तीच धरिली.

ही वाट ज्यानें पायांखालीं घातली असेल त्यास पुढील कथा सांगण्याची फारशी गरज नाहीं. माथ्यावरचें पठार मोकळें व सुखद. तेथून उतार सुरू झाला म्हणजे दीड हजार फुटांहून अधिक उंची थोड्याच अंतरांत संपवावयाची असते. दोन्ही अंगांस कडे वा दाट झाडी. वाट ठिकठिकाणीं इतकी अरुंद कीं शेजारीं शेजारीं दोन घोडे चालणें कठीण. उतार संपला तरी सुटका नाहीं. खालीं पुन्हां टेकड्यांच्या रांगा आडव्या येतात व वाट ओढ्याच्या काठाकाठानें, झाडींतून, चावणीच्या अंगास सरकते. मागें फिरावें तर तोच चढ. बाजूस व्हावें तर जागा नाहीं. घाट उतरलों म्हणून प्रवासी जेथें सुस्कारा टाकतो तेथेंच खिंड त्यास धरते.

परमानंदाच्या वर्णनांत एक बारीक गोष्ट आहे, ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. अरण्यांत शिरल्यावर वारा बंद झाला व सैन्य तहानेनें कासावीस झालें असें तो म्हणतो. उंबरखिंडीचें स्मारक नदीच्या पात्रांत पाहून आलेल्या वाचकास हें खोटें वाटण्याचा संभव आहे. नदीकांठीं तहान कसली? याचा उलगडा मितीनें होतो. मोहिमेची तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेची आहे. सतराव्या शतकांत दोन गणनांत दहा दिवसांचें अंतर होतें, तेव्हां आजच्या पंचांगाप्रमाणें तो दिवस १२ फेब्रुवारीचा पडतो. पाऊस संपून चार महिने झालेले; घाटांतील वरचे ओढे आटलेले; पाणी उरावयाचें तें खालच्या पात्रांतील डोहांत. आणि ज्याच्या हातीं खिंडीचें तोंड त्याच्या हातीं ते डोह. वाटेंत अडकलेल्या माणसांस पाणी जवळ असूनहि मिळत नसलें पाहिजे. कवीनें कल्पनेनें लिहिलें असतें तर अशा ठिकाणीं त्यानें झरे व कमळें घातलीं असतीं. तहान त्यानें लिहिली ती कोणा प्रत्यक्ष असलेल्या माणसाकडून ऐकून.

महाराजांनीं आपलें पायदळ झाडींत दोन्ही अंगांस आगाऊच दडवून ठेविलें होतें. फौज पुरती आंत आल्यावर मारा सुरू झाला. अमरसिंह व मित्रसेन यांनीं शौर्य केलें असें परमानंद मोकळेपणीं म्हणतो. शेवटीं खानानें रायबागिणीस सल्ला विचारला. तिनें त्यास स्पष्ट सुनावलें कीं, शिवाजी हा सिंह असतां त्याच्या अरण्यांत फौज आणिलीस हीच चूक झाली. आतां जीव वांचवावयाचा तर शरण जा. रायबागीण म्हणजे राजव्याघ्री, व तिच्या तोंडीं सिंहाची उपमा, हा कवीचा खेळ आहे. तिचे शब्द असे असतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माहूरच्या उदारामाच्या घराण्यांतील ही सून स्वतः फौजबंद सरदार होती, व अशा सरदाराचें मत अडचणीच्या प्रसंगीं विचारलें जाणें स्वाभाविकच आहे. सल्ला मानण्याइतका शहाणपणा खानापाशीं होता, ही त्याच्याहि बाजूनें सांगावयाची गोष्ट. वकील गेला, खंडणी ठरली, शस्त्रें व सामान मागें ठेवून फौज सुटली.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ही लढाई चावणीच्या पात्रांतील त्या एका ठिकाणीं झाली काय? फौज एकामागें एक अशी पाऊलवाटेनें उतरते आहे असें मानूं, व प्रत्येक माणसामागें चार हात अंतर धरूं; हें घोड्यांच्या व ओझ्याच्या जनावरांच्या दृष्टीनें फारच थोडें झालें. तरी एक हजार माणसांची रांग दोन हजार वार, म्हणजे एक मैलाहून लांब होते. पांच हजारांची रांग साडेपांच मैलांच्या पलीकडे जाते. तेव्हां फौजेचें तोंड खालीं खिंडींत अडलें असतां तिचें शेंपूट अद्याप घाटाच्या वरच्या अंगास असणार. अर्थात् समरभूमि म्हणजे एक बिंदु नव्हे. कुरवंड्याच्या उतारापासून चावणीच्या पात्रापर्यंतची सारी वाट ही समरभूमि होय. स्मारकाचा दगड तिचें खालचें टोंक दाखवितो, इतकेंच. दगड चुकीच्या जागीं आहे असें कोणी यावरून समजूं नये. तो योग्य जागीं आहे, परंतु तो पाहून लढाई पाहिली असें होत नाहीं. हाच हिशेब लोकप्रिय लेखांतून व फलकांवरून झळकणाऱ्या मोठमोठ्या सैन्यसंख्यांसहि लावून पाहावा. वीस हजार म्हणणें सोपें. वीस हजारांची रांग बावीस मैलांहून लांब होते, आणि तिचें शेंपूट मावळांत बरेंच मागें सांपडतें.

येथें परदेशांतील दोन उदाहरणें उपयोगीं पडतील. ख्रिस्तपूर्व ३२१ मध्यें इटलींत सॅम्नाइट लोकांनीं रोमन फौजेस कॉडियमजवळच्या खिंडींत अशाच रीतीनें कोंडलें. तेथेंहि कत्तल न होतां शरणागति झाली, व रोमनांस जुंवाखालून वाकून जावें लागलें. ती कथा मुख्यतः लिव्हीनें सांगितली. तो प्रसंगानंतर तीन शतकांनीं लिहीत होता, व त्याच्या वर्णनाशीं जुळणारी खिंड कोणती याविषयीं विद्वानांत अद्यापि मतभेद आहेत. उलट थर्मोपिलीची जागा सर्वांस ठाऊक. लिओनिडासाचा पुतळा १९५५ पासून रस्त्याच्या कडेस उभा आहे. पण स्पर्खिऑस नदीच्या गाळानें समुद्र इतका मागें हटला आहे कीं, ज्या चिंचोळ्या वाटेमुळें ती लढाई झाली ती वाटच आतां दिसत नाहीं. एके ठिकाणीं ग्रंथ आहे पण भूमि ठरत नाहीं. दुसरीकडे जागा ठरली पण तिचें रूप गेलें. उंबरखिंडीस समकालीन ग्रंथहि आहे, जागाहि ठरली आहे, आणि जमिनीचें रूपहि बहुतांशीं तेंच आहे. हा योग दुर्मिळ आहे, व तो टिकविणें माणसांच्या हातीं आहे. मुंबई-पुण्याच्या वाहतुकीचा भार याच डोंगरांवर पडतो. बोरघाटांत आधीं गाडीरस्ता, मग लोहमार्ग, मग द्रुतगतिमार्ग झाला. कुरवंड्याची वाट आजवर पुष्कळशी वांचली ती तिच्या गैरसोयीमुळें, कोणाच्या इतिहासप्रेमामुळें नव्हे.

कायद्याचा आधार पाहावा तर तोहि तोकडा पडतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यांत स्मारकाची जी व्याख्या आहे तींत इमारत, थडगें, लेणें, शिल्प, शिलालेख, एकाश्म स्तंभ असे पदार्थ येतात, व ते शंभर वर्षांहून जुने असावे लागतात. लढाई झालेली मोकळी वाट या व्याख्येंत सहज बसत नाहीं. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचा सैनिकी भूप्रदेश या अर्थाच्या नांवाखालीं बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. त्यांत लोहगड आहे, म्हणजे कारतलबखान ज्याच्या सावलींतून गेला तोच गड. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण नांव भूप्रदेशाचें आणि यादी किल्ल्यांची, असा प्रकार येथें झाला आहे. किल्ला हा त्या युद्धपद्धतीचा अर्धा भाग; दुसरा अर्धा भाग म्हणजे घाटवाटा, खिंडी, मेटें व चौक्या. लोहगड वारसा ठरला आणि त्याच्या पायथ्याची वाट ठरली नाहीं, यांत पाहणाराची नजर दगडावरून जमिनीवर उतरली नाहीं एवढेंच दिसतें.

विजयाचें मोलहि वाजवी करावें. नेताजीस मोगलांवर नजर ठेवावयास मागें ठेवून महाराज लागलीच दक्षिण कोंकणांत उतरले. दाभोळ, संगमेश्वर, राजापूर, शृंगारपूर हीं स्थळें त्या उन्हाळ्यांत त्यांच्या हातीं आलीं. हें उंबरखिंडीचें थेट फळ होय, कारण पाठीवरची फौज मोडली नसती तर ही मोहीम झाली नसती. परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत कल्याण मोगलांनीं घेतलें व पुढें कित्येक वर्षें तें त्यांच्याकडे राहिलें. एका खिंडींत कोंकण सुटलें असें जें भाषणांतून ऐकूं येतें तें म्हणून स्वीकारतां येत नाहीं. दक्षिण कोंकणचा मार्ग मोकळा झाला. उत्तर कोंकणाचें भवितव्य लोंबकळत राहिलें.

या निमित्तानें कर्जत-खालापुरांतील इतर स्मारकांकडेहि दृष्टि टाकावी. राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाणें येथील लेणीं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचीं. तेथील चैत्याचें दर्शन थक्क करणारें आहे. लांकडी बांधणीचें अनुकरण दगडांत इतक्या निष्ठेनें केलें आहे कीं तुळया खऱ्या वाटाव्या. चैत्याच्या डाव्या अंगास एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारीं एका ओळीचा ब्राह्मी लेख आहे. कण्ह याचा अंतेवासी बलक यानें केलें, असा त्याचा आशय. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथांत या लेण्यांची नोंद आहे, व तीं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. उंबरखिंडीशीं तुलना केली असतां मौज वाटते. कोंडाण्यास दगड भरपूर आणि शब्द एक ओळ. बलक कोण, कोणत्या राजाच्या वेळीं, कोणाच्या द्रव्यानें त्यानें काम केलें, यांविषयीं ती ओळ मुकी आहे. चावणीस शब्द अध्यायभर आणि जुना दगड एकहि नाहीं. तरीहि गुरूचें नांव आपल्या नांवाआधीं घालणारा तो शिष्य दोन हजार वर्षांनंतर आम्हांस ओळखीचा वाटतो.

खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. घाट चढूं पाहणाऱ्या व घाट उतरून थकलेल्या वाटसरूसाठीं हें पाणी होतें. पुण्याचा कारभारी असूनहि नानांनीं घाटाखालीं पाण्याची सोय करावी यांत बोरघाटाच्या वाहतुकीचें महत्त्व दिसतें. याच घाटानें चढून गेलेली इंग्रजी फौज १७७९ च्या जानेवारींत वडगांवास नमली. दोन वर्षांनीं, १७८१ च्या फेब्रुवारींत, जनरल गॉडर्ड यानें घाट घेऊन खोपोलीस तळ दिला, व एप्रिलांत पनवेलकडे मागें हटतांना हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांच्या फौजांनीं त्यास वाटभर छळिलें. पुढें इंग्रजांचें राज्य झालें, १० नोव्हेंबर १८३० रोजीं माल्कमच्या कारकीर्दींत घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ च्या एप्रिलांत लोहमार्ग घाट चढला. त्या कामावर पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर मेले. वडगांवीं जाणारे आहेत, किल्ल्यांवर जाणारे आहेत, त्या मजुरांसाठीं कोणी कोठें जात नाहीं.

कर्जतच्या उत्तरेस हद्दीपलीकडे मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. आझाद दस्त्याच्या या तरुणांनीं १९४२ च्या चळवळींत मुंबईस वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले होते. त्यांचा हुतात्मादिन तेथें पाळला जातो. डोंगर तेच, झाडी तीच, मूठभर माणसांनीं रान पाठीशीं घेऊन बलाढ्य सत्तेस अडविण्याची रीतहि ओळखीची. मात्र या वेळीं रान अपुरें पडलें.

हस्तलिखितें व दप्तरें शोधणारांसाठीं एक व्यावहारिक सूचना. कर्जत तालुका, व त्यांत मोडणारा खालापूरचा भाग, १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाब्यास जोडला गेला, आणि कुलाब्याचें रायगड हें नांव १९८१ पासूनचें. म्हणून १८८२ च्या गॅझेटियरांत खोपोली, कोंडाणें, कोथळीगड हीं स्थळें पाहावयाचीं तर ठाण्याच्या पुस्तकांत पाहावीं लागतात. कुलाब्याच्या पुस्तकांत शोधणारा रित्या हातानें परततो. मुलकी कागदांच्या बाबतींतहि हाच भेद लक्षांत ठेवावा. उंबरखिंडीच्या दृष्टीनें विशेष उपयोगी कागद म्हणजे घाटावरील जकातींचे हिशेब, मेटकऱ्यांच्या नेमणुका, वाट राखणाऱ्या कोळी-ठाकरांच्या इनामांचे तंटे आणि पाली-नागोठण्याच्या बाजूचे महजर. यांत लढाईचें वर्णन मिळणार नाहीं, व तें मिळावें अशी अपेक्षाहि धरूं नये. कोणत्या ऋतूंत कोणती वाट चालू असे, ओझ्याचे बैल कोठून उतरत, पाण्याची जागा कोणती, चौकी कोठें बसे, एवढें कळलें तरी परमानंदाच्या श्लोकांखालीं जमीन येते. या भागांतील जुन्या घरांतून असे रुमाल अद्यापि माळ्यांवर आहेत. दरवर्षीं पावसाळ्यांत छप्पर गळतें, कागद भिजतात, व दसऱ्याच्या साफसफाईंत ते चुलींत जातात. ज्यांच्या पाहण्यांत असे रुमाल असतील त्यांनीं ते मूळ मालकाकडेच ठेवावे, परंतु नकला व छायाचित्रें घेऊन कोणत्याहि संशोधनसंस्थेकडे पाठवावीं.

जाणाऱ्यांसाठीं मार्ग असा. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेमडीपाशीं फांटा फुटतो, तो चावणीस नेतो. परंतु आमची विनंति कीं, ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनीं हा क्रम उलटा करावा. लोणावळ्याहून सकाळीं कुरवंडे गांठावें, नागफणीच्या कुशींतून खानाच्या वाटेनें उतरावें, व स्मारकाचा दगड अखेरीस पाहावा. दिवस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याचा निवडावा, वाटाड्या गांवांतलाच घ्यावा. शिवभारतांतील हें प्रकरण आदल्या रात्रीं वाचून ठेवावें, आणि पाणी घरूनच भरून न्यावें.